Explained : दारू दुकानासाठी गावात मतदान होते, मग शाळेच्या निधीसाठी का नाही? निफाडच्या गावकऱ्यांच्या हातात नेमके काय आहे?

निफाड : निफाड तालुक्यातल्या एखाद्या गावात दारूचे दुकान बंद करायचे असेल, तर गावातल्या महिला सह्या गोळा करू शकतात. पुरेशा सह्या झाल्या की प्रशासनाला गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला पुरेशी मते पडली की दुकान बंद.

पण त्याच गावातल्या जिल्हा परिषद शाळेला वर्षाला किती पैसे मिळावेत, शिक्षक किती असावेत, पट कमी झाला म्हणून शाळा दुसऱ्या गावात हलवावी का, यावर मात्र गावाला असे मतदान घेता येत नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांत नागरिक सह्यांच्या जोरावर शाळांच्या निधीचा प्रश्न थेट मतपेटीपर्यंत नेतात. आपल्याकडे हे का शक्य नाही? आणि जे शक्य आहे, त्याचा उपयोग होतो का? सविस्तर समजून घेऊया.

शाळेच्या निधीसाठी मतदान, ही कल्पना आहे तरी काय?

सर्वांत गाजलेले उदाहरण कॅलिफोर्नियाचे आहे. तिथे ठरावीक संख्येने मतदारांच्या सह्या जमवल्या, तर नागरिकांना स्वतःच कायद्याचा किंवा राज्यघटना दुरुस्तीचा मसुदा मतदानासाठी ठेवता येतो. साध्या कायद्यासाठी मागच्या गव्हर्नर निवडणुकीत झालेल्या मतांच्या ५ टक्के आणि घटनादुरुस्तीसाठी ८ टक्के सह्या लागतात.

नोव्हेंबर १९८८ मध्ये अशाच मार्गाने 'प्रपोझिशन ९८' मतदानाला आले आणि अगदी काठावर मंजूर झाले. त्यानुसार राज्याच्या सर्वसाधारण निधीतला साधारण ४० टक्के वाटा सरकारी शाळा आणि कम्युनिटी कॉलेजांसाठी राखला जाऊ लागला. सरकार बदलले तरी शाळांना किमान एवढे मिळणारच, असा त्यामागचा विचार.

पण हीच मतपेटी दहा वर्षांपूर्वी शाळांच्या मुळावर आली होती. १९७८ मध्ये 'प्रपोझिशन १३' या नागरिकांच्याच प्रस्तावाने मालमत्ता करावर मर्यादा घातली. शाळांचा मोठा आधार असलेला स्थानिक कर आटला आणि भार राज्याच्या तिजोरीवर आला. म्हणजे १९७८ मध्ये मतदारांनी कर कमी केला, आणि १९८८ मध्ये मतदारांनीच शाळांना पैशांची हमी मागितली.

अॅरिझोनात तर मतदान जिंकूनही हाती काही लागले नाही. तिथे २०२० मध्ये जास्त उत्पन्न असणाऱ्यांवर अधिभार लावून शाळांना पैसा देण्याचा प्रस्ताव मंजूर झाला. मात्र खर्चमर्यादेच्या घटनात्मक अडथळ्यामुळे २०२२ मध्ये न्यायालयात तो टिकला नाही.

भारतात असे मतदान का होत नाही?

याचे उत्तर राज्यघटनेत आहे. राज्याच्या एकत्रित निधीतला एक रुपयाही कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय काढता येत नाही, असे कलम २६६ सांगते. खर्चाची मागणी राज्यपालांच्या शिफारशीशिवाय विधानसभेत मांडता येत नाही, असे कलम २०३ सांगते. राज्यपालांची शिफारस म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाचा निर्णय.

थोडक्यात, निवडून आलेल्या आमदारालाही स्वतःच्या मर्जीने 'शाळांना एवढे कोटी द्या' अशी मागणी मांडून मंजूर करून घेता येत नाही. त्यामुळे नागरिकांच्या सह्यांवर थेट तिजोरी उघडण्याचा मार्ग घटनेने ठेवलेला नाही. शाळेचा निधी हा सरकार, विधिमंडळ आणि जिल्हा परिषद यांच्या हातातला विषय आहे.

मग दारूच्या दुकानासाठी मतदान कसे होते?

कारण तिथे पैसा देण्याचा नाही, परवाना बंद करण्याचा प्रश्न असतो. राज्य सरकारच्या २५ मार्च २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्के जणांनी लेखी मागणी केली, तर सह्यांची पडताळणी करून गुप्त मतदान घेतले जाते. ५० टक्क्यांहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद होते. मात्र हे ५० टक्के मतदानाला आलेल्यांचे नव्हे, तर यादीतल्या नोंदणीकृत मतदारांचे मोजले जातात.

हे गणित किती अवघड आहे, ते एका काल्पनिक गावावरून पाहू. समजा, गावात २,४०० मतदार आहेत आणि त्यात १,१५० महिला आहेत. महिलांच्या मागणीवरून मतदान घ्यायचे तर किमान २८८ सह्या हव्यात. जिंकायला किमान ५७६ मते हवीत. मतदानाच्या दिवशी ६०० महिला आल्या, तर त्यातल्या जवळपास सगळ्यांनी एकाच बाजूने मत द्यायला हवे. द्राक्षाच्या छाटणीचा किंवा कांदा काढणीचा दिवस असेल, तर मजुरी बुडवून केंद्रावर येणे किती जणींना परवडेल, हा वेगळाच प्रश्न.

गुप्त मतदानाचे आणखी एक उदाहरण आहे. थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचावरचा अविश्वास ठराव सदस्यांनी मंजूर केला, तरी तो विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने मंजूर व्हावा लागतो. म्हणजे गावाने थेट मतदान करून निर्णय घेणे ही महाराष्ट्राला अनोळखी गोष्ट नाही. बाटली आणि सरपंच यांच्याबाबत गावाचे मत मोजले जाते. शाळेबाबत मात्र ते फक्त 'ऐकले' जाते.

गावातल्या शाळेला पैसा येतो कुठून?

जिल्हा परिषद शाळेचा पैसा साधारण चार वाटांनी येतो.

१) शिक्षकांचे पगार : हा सर्वांत मोठा खर्च. तो राज्य सरकारच्या अनुदानातून होतो. किती शिक्षक मिळणार, हे संचमान्यतेवर ठरते आणि संचमान्यता पटसंख्येवर.

२) संयुक्त शाळा अनुदान : समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षाला मिळणारी रक्कम. या योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता हे सगळे यात बसवायचे.

३) ग्रामपंचायतीचा निधी : स्वतःची करवसुली आणि वित्त आयोगाचा निधी. पंधराव्या वित्त आयोगात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती. उरलेल्या ४० टक्क्यांचे काय करायचे, हे गाव ठरवू शकत होते. मात्र त्यातून पगार देता येत नव्हते.

४) जिल्हा नियोजन, आमदार निधी, कंपन्यांचा सामाजिक निधी आणि लोकवर्गणी : वर्गखोल्या, संगणक, रंगकाम अशी कामे बहुतेक वेळा यातून होतात.

३० आणि ३१ मध्ये १५ हजारांचा फरक

संयुक्त शाळा अनुदानाचे टप्पे पाहिले, की छोट्या शाळांची अडचण लगेच लक्षात येते. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार रुपये. ३१ ते १०० पटाला २५ हजार, १०१ ते २५० पटाला ५० हजार, २५१ ते १,००० पटाला ७५ हजार आणि त्यापुढे १ लाख रुपये. यातली किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते.

म्हणजे ३० मुलांच्या शाळेला महिन्याला सरासरी ८३३ रुपये. त्यात वीजबिल, खडू, नळाची तोटी आणि स्वच्छतागृहाची साफसफाई. एक मूल वाढून पट ३१ झाला, तर हीच रक्कम २५ हजार होते. एक मूल गेले, तर १५ हजार जातात.

निफाडसारख्या तालुक्यात हा फरक फक्त कागदावरचा नाही. सुरगाणा, पेठ या आदिवासी तालुक्यांतली कुटुंबे द्राक्षबागांच्या कामासाठी इकडे येतात आणि हंगाम संपला की परततात. मुले त्यांच्याबरोबर फिरतात. त्यामुळे एका शाळेचा पट कागदावर आणि वर्गात वेगळा दिसू शकतो, आणि दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेचा पट त्याच वेळी घटलेला असतो.

गेल्या काही वर्षांत वाद का पेटला?

सप्टेंबर २०२३ मध्ये दोन निर्णय पाठोपाठ आले. पहिला 'दत्तक शाळा' योजनेचा. त्यानुसार कंपन्या, संस्था किंवा व्यक्तींना सरकारी शाळा ५ किंवा १० वर्षांसाठी दत्तक घेता येतात. ग्रामीण भागातल्या शाळेसाठी ५ वर्षांला ५० लाख आणि १० वर्षांला १ कोटी रुपये मूल्याच्या वस्तू आणि सेवा द्यायच्या. बदल्यात देणगीदाराचे नाव शाळेच्या नावाला जोडता येते.

दुसरा विषय 'समूह शाळां'चा. २० पेक्षा कमी पटाच्या शाळांमधली मुले एका मोठ्या शाळेत आणायची आणि त्यांना वाहतूक पुरवायची, असा हा प्रस्ताव. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेतचे उदाहरण त्यासाठी दिले गेले. तेव्हाच्या आकडेवारीनुसार राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या. त्यात १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक होते.

या दोन योजना एकत्र पाहिल्या, तर प्रश्न समोर येतो. सरकार ३० मुलांच्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये अनुदान देते. दत्तक घेणाऱ्याकडून ५ वर्षांला ५० लाख, म्हणजे वर्षाला १० लाखांच्या वस्तू-सेवांची अपेक्षा ठेवते. हे थेट शंभरपट आहे. शाळेला जास्त पैशांची गरज आहे, हे सरकारलाही मान्य आहे, असाच याचा अर्थ. तो पैसा द्यायचा कोणी, एवढाच वाद उरतो.

नाशिक जिल्ह्यातली एक शाळा मद्यनिर्मिती करणाऱ्या कंपनीला दत्तक दिल्याचा मुद्दा ज्येष्ठ नेते शरद पवार यांनी जाहीरपणे मांडला, तेव्हा या योजनेवर राज्यभर टीका झाली. दारूचे दुकान नको, हे गावातल्या महिला मतपेटीतून सांगू शकतात. शाळेला मद्य कंपनीचे नाव नको, हे सांगण्यासाठी तशी मतपेटी नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय आला. त्याविरोधात २५ सप्टेंबर २०२४ रोजी राज्यभरातल्या शिक्षकांनी सामूहिक रजा घेऊन मोर्चे काढले. फेब्रुवारी २०२५ मध्ये हा निर्णय मागे घेण्यात आला. निर्णय बदलला, पण तो मोर्चामुळे. गावाला विचारण्याची पायरी येताना नव्हती आणि जातानाही नव्हती.

त्याआधी २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुले शेळ्या-बकऱ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली होती. 'दप्तर घ्या, बकऱ्या द्या' ही त्यांची घोषणा होती. शाळा बंद करणार असाल तर आम्ही बकऱ्या राखतो, असा त्याचा अर्थ. मत देण्याची वाट नसली की लोक अशी वाट काढतात.

कायद्याने गावाच्या हातात काय दिले आहे?

मतपेटी नसली, तरी गाव अगदीच रिकाम्या हाताचे नाही. दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली, शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. कलम २२ नुसार ही समिती शाळा विकास आराखडा तयार करते. पुढच्या तीन वर्षांत पट किती असेल, किती शिक्षक लागतील, कोणत्या खोल्या बांधाव्या लागतील आणि त्यासाठी किती जादा पैसा लागेल, हे त्यात मांडायचे असते.

याच कलमातले एक वाक्य फारसे कोणी वाचत नाही. हा आराखडा सरकार किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या योजनांचा आणि अनुदानाचा आधार असेल, असे कायदा म्हणतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पैशांची मागणी गावाकडून वर जायला हवी. प्रत्यक्षात पटाचा आकडा वर जातो आणि ठरलेल्या टप्प्याची रक्कम खाली येते. अनेक ठिकाणी आराखडा म्हणजे मुख्याध्यापकांनी भरायचा आणखी एक नमुना एवढेच त्याचे रूप उरते.

दुसरी, ग्रामसभा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा गावोगावी परिचयाच्या आहेत. गणपूर्ती आहे १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तो. मघाच्या २,४०० मतदारांच्या गावात १०० जण पुरतात. त्यातल्या ५१ जणांनी हात वर केला, तर ठराव होतो.

बाटली आडवी करायला ५७६ मते आणि शाळेचा ठराव करायला ५१ हात. ऐकायला हे सोपे वाटते. पण यातच त्याची कमजोरी आहे. ५७६ मतांचा निर्णय प्रशासनाला बंधनकारक असतो. ५१ हातांचा ठराव ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या निधीपुरता वजनदार असतो. जिल्हा परिषद आणि मंत्रालयासाठी तो मागणीचा कागद ठरतो.

निफाड शहराचे काय?

निफाड शहरात नगरपंचायत आहे. त्यामुळे ग्रामसभेचा मार्ग तिथे लागू होत नाही. शहरातल्या पालकांसाठी शाळा व्यवस्थापन समिती, नगरसेवक आणि नगरपंचायतीचा अर्थसंकल्प हीच दारे आहेत. तालुक्यातल्या ज्या मोठ्या गावांचे रूपांतर नगरपंचायतीत किंवा नगरपरिषदेत होते, तिथे हा बदल होतो. शहराचा दर्जा मिळतो, पण हात वर करून ठराव करण्याची जागा जाते.

त्यात भर म्हणजे, नाशिक जिल्हा परिषदेच्या सदस्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासकांचा कारभार सुरू झाला. शाळा जिल्हा परिषदेच्या, पण अर्थसंकल्पावर बोलायला निवडून आलेला सदस्यच सभागृहात नाही, अशी स्थिती पुढची काही वर्षे राहिली. थेट मतदान दूरच, प्रतिनिधीमार्फत बोलण्याची सोयही या काळात नव्हती.

हा वाद नवा आहे का?

अजिबात नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात हाच हिशेब होता. सरकारचा महसूल मुख्यतः शेतकऱ्याच्या घामातून येतो, मग शिक्षणाचा पैसा त्याच्या मुलांच्या प्राथमिक शाळांवर का खर्च होत नाही, हा त्यांचा सवाल होता.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ मध्ये निफाडचा. पुण्याच्या सार्वजनिक सभेमार्फत लोकांच्या मागण्या अर्जाच्या रूपात सरकारपुढे नेण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. खर्चाचा दोन तृतीयांश भाग सरकारने आणि एक तृतीयांश स्थानिक संस्थांनी उचलावा, असा त्यांचा प्रस्ताव होता. १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. तेव्हाही अडचणीचा एक मोठा मुद्दा पैशांचाच होता.

सरकारची वाट न पाहता लोकांनी शाळा उभ्या केल्याची उदाहरणेही याच जिल्ह्यात आहेत. १९१४ मध्ये स्थापन झालेली मराठा विद्या प्रसारक समाज ही संस्था शेतकरी समाजाच्या आधारावर वाढली. पण लोकवर्गणीची एक मर्यादा असते. ज्या गावात बागायत आहे तिथे ती जमते, ज्या वस्तीवर मजूर राहतात तिथे नाही. म्हणूनच शिक्षण हक्क कायद्याने जबाबदारी सरकारवर टाकली.

मग थेट मतदान आले तर प्रश्न सुटेल?

बाजूने बोलणारे म्हणतील, लोकांना विचारले की सरकारला हात झटकता येणार नाहीत. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च शिक्षणावर करण्याची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला. पाच दशके एकच उद्दिष्ट कागदावर राहत असेल, तर बंधनकारक काही तरी हवे.

विरोधी मुद्दाही तितकाच खरा आहे. मतदानात बहुमत जिंकते. कमी पटाच्या शाळा ज्या वाड्या-वस्त्यांवर आहेत, तिथले मतदार मूळ गावापेक्षा थोडे असतात. 'वस्तीवरची शाळा ठेवायची की गावातल्या मोठ्या शाळेला पैसा द्यायचा' असा प्रश्न मतपेटीत टाकला, तर वस्ती हरू शकते. ज्यांची मुले इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत जातात, ते जिल्हा परिषद शाळेसाठी वाढीव कर भरायला तयार होतील का, हाही प्रश्न आहे. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी आधी करच कापला होता, हे विसरून चालणार नाही.

त्यामुळे खरी उणीव मतपेटीपेक्षा उत्तराची आहे. गावाने आराखडा दिला, तर त्यातले काय मंजूर, काय नामंजूर आणि का, हे ठरावीक मुदतीत लेखी सांगण्याची सवय प्रशासनाला नाही. शाळा हलवण्याआधी त्या वस्तीतल्या पालकांची लेखी संमती घेणे, एवढी एक अट घातली तरी मोर्चाची वेळ अनेकदा येणार नाही. त्यासाठी राज्यघटना बदलावी लागत नाही.

गावकरी आत्ता काय करू शकतात?

- शाळा व्यवस्थापन समितीकडे चालू शाळा विकास आराखडा मागा. मिळाला नाही, तर १० रुपयांच्या माहिती अधिकार अर्जावर तो मागता येतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.
- आराखड्यात मोघम मागणी नको, आकडा हवा. 'शाळा सुधारा' याऐवजी 'दोन खोल्यांचे पत्रे, एक शिक्षक, अंदाजे खर्च इतका' असे लिहा.
- ग्रामसभेपूर्वी महिला ग्रामसभा घेण्याची तरतूद आहे. शाळेचा विषय आधी तिथे मंजूर करून घ्या.
- ग्रामपंचायत विकास आराखड्यात शाळेची कामे आली आहेत का, ते तपासा. प्राथमिक शिक्षण हा घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींचा विषय आहे.
- ठरावाची सही-शिक्क्याची प्रत गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेला द्या, पोच घ्या आणि पुढच्या ग्रामसभेत त्या पोचेवर उत्तर मागा.

शाळेसाठी आडवी-उभी असे मतपत्रिकेवरचे चित्र आज तरी नाही. पण १०० जणांची ग्रामसभा आहे, आणि बहुतेक गावांत शाळेचा विषय तिच्या विषयपत्रिकेवर शेवटी येतो, तेव्हा निम्मे लोक उठून गेलेले असतात. पुढच्या सभेत तो पहिला घ्यायला सांगणे, हे पालकांना आजच करता येण्यासारखे आहे.